इलेक्ट्रिक शॉवरचा जॉइंट कितीही कसला तरी गळतो? नट सोडा, पाइप बघा

लक्षण बहुतेक घरांत सारखंच असतं. नवा इलेक्ट्रिक शॉवर भिंतीवर चढला, पाणी सोडलं, सगळं कोरडं. मग दोन-चार दिवसांनी युनिटखालच्या पितळी नटाच्या बुडाशी एक थेंब लोंबायला लागतो. प्लंबरला फोन करावा तर तो पाना घेऊन येतो, "भिया, थोड़ा और कस देते हैं" म्हणत नट पाव फेरी फिरवतो आणि थेंब थांबतो. पंधरवड्याने थेंब परत हजर. पुन्हा पाव फेरी. असं करता करता एके दिवशी नट तडकतो, नाहीतर युनिटचा प्लास्टिकचा इनलेट पिळवटतो आणि थेंबाच्या जागी धार लागते.

इंदूरला न्हाणीघरात अजून गीझरचंच राज्य आहे. भिंतीवरचा इलेक्ट्रिक शॉवर, म्हणजे गार पाणी एका बाजूने आत घेऊन तापवून सरळ हातातल्या शॉवरला देणारा, थोड्याच घरांत दिसतो. कुणाच्या परदेशातल्या मुलाने आणलेला, कुणी ऑनलाइन मागवलेला. ब्रिटनमध्ये तो बऱ्याच घरांत असतो आणि तिथल्या माहितीपत्रकात १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप गृहीत धरलेला असतो. आपल्या भिंतीतून बाहेर येतो तो सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, किंवा जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. निम्म्या गळत्यांचं मूळ या एवढ्याच गोष्टीत आहे. तुमच्याकडे साधा इन्स्टंट गीझर तांब्याच्या पाइपावर नट-रिंग घालून जोडलेला असेल, तरी जॉइंटबद्दलचं पुढचं सगळं त्याला लागू पडतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्रेशन जॉइंट, म्हणजे नट कसून आतली रिंग पाइपावर आवळणारा हा जॉइंट, एकदा गळला तर तो ढिला असू शकतो. कसूनही परत गळला तर तो ढिला नाही. मग दोष पाइपात आहे, मापात आहे किंवा पाइपाला बसणाऱ्या हिसक्यांत आहे.

आधी वीज

हे पहिल्यांदा करायचं, नंतर नाही. ८.५ किलोवॉटचा शॉवर २३० व्होल्टवर सुमारे ३७ अँपिअर ओढतो. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवायचा विचारही करू नका. त्याला मीटरबोर्डापासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लागतो. जॉइंटला हात लावण्याआधी एमसीबी पाडा आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी "लाइट गेली वाटतं" म्हणून तो परत वर करतं. पाणी युनिटच्या कव्हरच्या आतून येताना दिसलं तर जॉइंट विसरा, एमसीबी खालीच ठेवा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पाणी नक्की कुठून येतंय

ही पायरी सगळे गाळतात. थेंब नेहमी सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतो, त्यामुळे तो जिथे दिसतो तिथूनच येतोय असं नाही. जॉइंट, नट, पाइप, वरचा इनलेट, सगळं सुक्या फडक्याने लख्ख पुसा. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या करून एक नटाच्या मागे पाइपाभोवती, एक नट आणि बॉडीच्या फटीवर आणि एक वरच्या आट्यांवर गुंडाळा. पाणी सोडा आणि उभे राहा. जी पट्टी आधी भिजते तिकडे दोष. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की पाइपावरून उतरणारी ओलही दिसते.

मागची पट्टी भिजली तर पाणी बहुधा रिंग आणि पाइपाच्या मधून सरकतंय: पाइपावर ओरखडा आहे, पाइप लंबगोल झालाय किंवा माप चुकलंय. फटीवरची भिजली तर रिंग बॉडीच्या उतारावर नीट बसलेली नाही. बऱ्याचदा तिथे वाळूचा कण किंवा आधीच्या वेळचा टेपचा तुकडा अडकलेला सापडतो. वरच्या आट्यांवरची भिजली तर तो कॉम्प्रेशन जॉइंटचा दोष नव्हेच, साध्या आट्यांचा आहे.

दोन फसव्या गोष्टी आधीच वगळा. श्रावणात दमट हवेत गार पाण्याच्या पाइपाला घाम येतो. तो सगळ्या लांबीवर सारखा असतो, एका नटापुरता नाही. दुसरी गोष्ट युनिटच्या बुडातून गळणाऱ्या पाण्याची. शॉवरच्या तोंडाची भोकं क्षाराने बुजली किंवा होज दुमडली की आतला दाब वाढतो आणि युनिट फुटू नये म्हणून ठेवलेली सुरक्षेची झडप बुडातून पाणी सोडते. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदच्या पंपिंग स्टेशनहून वर चढून येतं, पण एक दिवसाआड. मधल्या दिवशी टाकीत बोरिंगचं पाणी पडतं आणि माळव्यातलं बोरिंग म्हणजे क्षार आलेच. अशा घरी शॉवरचं तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. पाणी खालून येणं तेवढ्याने थांबेलही, पण एकदा सुटलेली झडप सहसा बदलावी लागते.

क्षाराचा एक उपयोगही आहे. नटाच्या कडेला पांढरी खपली धरली असेल तर गळती जुनी, झिरपणारी आहे. पाणी येतं, वाळतं, क्षार मागे राहतो. तांब्यावर हिरवा डाग असेल तर तेच, आणखी जुनं. खपली खरवडून लगेच नट कसू नका. आधी तिचा फोटो काढा. ती नटाच्या कोणत्या बाजूला जास्त आहे हे पुढे कामाला येतं.

टेप कुठे, आणि कुठे नाही

या जॉइंटमध्ये तीन भाग: बॉडी, नट आणि मधली पितळी रिंग, जिला माहितीपत्रकात ऑलिव्ह म्हणतात. नट फिरतो तसा तो रिंगला बॉडीच्या उतारात ढकलतो. रिंग आत दबते, पाइपाला आवळते आणि त्याच वेळी उताराला चिकटते. पाणी अडतं ते या दोन ठिकाणी. नटाचे आटे फक्त ओढायचं काम करतात, पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे देणं म्हणजे नुसती टेप वाया घालवणं. त्याहून वाईट म्हणजे टेपमुळे नट जड फिरतो, हाताला "कसला" असं वाटतं आणि आत रिंग अजून दबलेलीच नसते. सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) आणि धाग्याचंही तसंच. जीआयच्या आट्यांवर ते झकास काम करतं, इथे ते कचरा होऊन उतारावर बसतं. टेप लागते ती भिंतीतल्या एल्बोत जाणाऱ्या आट्यांवर. शॉवरच्या इनलेटजवळ तर कोणतीही पेस्ट किंवा सफेदा लावूच नका. बऱ्याच शॉवरच्या माहितीपत्रकात तशी सरळ मनाई असते.

माप: इथे सगळ्यात जास्त फसगत

प्लंबिंगमधला "अर्धा इंच" कुठल्या पाइपाचा, यावर सगळं अवलंबून. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. अर्धा इंची सीपीव्हीसी १५.९. एसीवाल्याकडचा अर्धा इंची तांब्याचा पाइप १२.७. आणि जॉइंटची रिंग असते १५ मिलिमीटरची. यातलं एकही माप तिला लागत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पटकन मिळत नाही. मग कुणीतरी एसीच्या गुंडाळीतला तुकडा आणतं. १२.७ चा आणला तर रिंग त्यावर डुगडुगते. नट मरेस्तोवर कसून ती कशीबशी चिमटली जाते, दोन दिवस धरते आणि सोडते. ५/८ इंची आणला तर तो १५.८८ भरतो, रिंग चढतच नाही. मग पॉलिश पेपरने घासून पाइप बारीक केला जातो. घासलेला पाइप गोल राहत नाही आणि त्यावर लांबट चरे पडतात. रिंग कितीही आवळली तरी त्या चऱ्यांतून पाणी वाट काढतंच. सीपीव्हीसीचंही हेच, वर ते प्लास्टिक. रिंगच्या दाबाखाली ते हळूहळू आत बसत जातं, म्हणून जॉइंट पहिल्या दिवशी कोरडा आणि महिन्याने ओला.

व्हर्नियर, म्हणजे पाइपाची जाडी मोजायचं माप, असेल तर मोजा. नसेल तर रिंग खिशात घालून दुकानात जा आणि पाइपावर सरकवून बघा. हाताने सहज सरकली पाहिजे, पण इकडेतिकडे हलता कामा नये. इंदूरच्या सियागंज बाजारात दोन दुकानं जास्त फिरावी लागली तरी चालेल, घासाघाशी करू नका.

भिंतीतून सीपीव्हीसी येत असेल तर त्याला रिंग घालायचीच नाही. पितळी आटे असलेला सीपीव्हीसी अ‍ॅडॅप्टर सॉल्व्हंटने चिकटवा, डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या, त्यात टेप लावून पितळी कॉम्प्रेशन फिटिंग बसवा आणि तिथून पुढे १५ मिलिमीटरचा खरा तांब्याचा तुकडा शॉवरपर्यंत न्या. शॉवरला अर्ध्या इंची आट्यांचा इनलेट असेल तर आणखी सोपं: दोन्ही टोकांना रबरी वायसर असलेली चांगल्या प्रतीची वेणीची होज सरळ लावा, तांब्याची भानगडच नको. फक्त त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात होज चालते का, ते बघून घ्या.

सोलरवाल्यांनी टाकलेला कंपोझिट (प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या थरांचा) पाइप, ज्यावर १२१६ छापलेलं असतं, तो आतून १२ आणि बाहेरून १६ मिलिमीटर. त्याची फिटिंग वेगळीच: आत ओ-रिंग असलेली नळी जाते आणि बाहेरून चिरलेली रिंग आवळते. हा पाइप कापल्यावर तोंड गोल आणि आतून उतरतं करून घ्यावं लागतं. तसं न करता फिटिंग आत ढकलली की धारदार कडेने ओ-रिंग कापली जाते. अशा गळतीवर कसण्याचा काही उपाय नाही. नवी ओ-रिंगच घालावी लागते.

नट उघडल्यावर काय बघायचं

कॉक बंद, शॉवरमधून उरलेलं पाणी काढलं, एमसीबी खाली आहे याची परत खात्री केली. आता दोन पाने घ्या. एकाने बॉडी धरायची, दुसऱ्याने नट सोडायचा. एकच पाना वापरला तर सगळा पीळ युनिटच्या इनलेटवर जातो आणि तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो.

नट मागे सरकवला की पाइपाकडे बघा, अजून त्याला हात लावू नका. मोकळा सोडलेला पाइप बॉडीच्या तोंडासमोर आपोआप सरळ उभा राहायला हवा. तो एका अंगाला निसटला, किंवा परत बसवायला हाताने ओढून आणावा लागला, तर गळतीचं कारण सापडलं. तिरपा बसलेला पाइप रिंगला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने मोकळं ठेवतो. मघाचा फोटो उघडून बघा: पांढरी खपली बहुतेक त्या मोकळ्या बाजूलाच असते. इथे नवी रिंग घालूनही काही होणार नाही. पाइप पुन्हा नीट वाकवा किंवा क्लिपची जागा बदला.

मग रिंग. नीट बसलेल्या रिंगच्या कडेला सगळीकडे सारखी चमकदार रेघ उमटलेली असते. अर्ध्याच भागात चमक असेल तर पाइप तिरका होता. चमक फारच रुंद असेल आणि पाइप तिथे खोल दबलेला दिसत असेल तर जॉइंट आधीच अति कसलाय. अशा दबलेल्या जागी नवी रिंग धरत नाही. तेवढा तुकडा कापून टाकायचा. पाइपाच्या टोकापासून रिंग किती आत आहे तेही बघा. टोकाच्या अगदी काठावर असेल तर पाइप आतल्या पायरीपर्यंत गेलाच नव्हता.

परत बसवताना

पाइप लहान पडणार नसेल तर रिंगसकट टोक कापा, सगळ्यात स्वच्छ काम तेच. पाइप कटरने कापा, करवतीने नाही. करवतीचा काप तिरका जातो आणि कडेला किरकोळ दिसणारा पण नडणारा काठ राहतो. कापायला जागाच नसेल तर जुन्या रिंगला छोट्या करवतीने तिरका काप द्या, अगदी तळापर्यंत नाही. मग त्या फटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळा, रिंग उमलते. करवत पाइपाला लागली तर मात्र पाइप कापावाच लागेल.

कानशीने आतली-बाहेरची कड मोडा, बारीक पॉलिश पेपर पाइपाभोवती गोल फिरवून हिरवट थर काढा. पाइपाच्या लांबीत घासायचं नाही. लांबट चरा थेट पाण्याची वाट होतो, गोल चरा तितकं नुकसान करत नाही. एसीच्या गुंडाळीसारखा मऊ तांब्याचा पाइप असेल तर तोंड गोल आहे ना ते रिंग सरकवून तपासा. पाइपातली धूळ आणि बुरा बाहेर पडावा म्हणून कॉक क्षणभर उघडून पाणी बादलीत सोडा. हा कचरा शॉवरच्या जाळीत गेला तर वेगळंच दुखणं सुरू होतं.

आधी नट पाइपावर, मग रिंग, मग पाइप बॉडीत थेट तळाला टेकेपर्यंत. टेकलेल्या जागी पाइपावर मार्करने रेघ मारा म्हणजे कसताना तो मागे सरकला तर कळेल. नट हाताने जाईल तितका फिरवा. तो हाताने दोन आट्यांपलीकडे जात नसेल तर आटे तिरके पकडलेत, परत काढा. मग नटावर आणि बॉडीवर समोरासमोर मार्करची खूण करा आणि पान्याने एक फेरी, फार तर सव्वा. १५ मिलिमीटरला एवढं पुरतं. मार्करच्या खुणेचा फायदा असा की पुढच्या वेळी कुणी "थोडं कसलं" तर नट किती फिरलाय ते दिसतं.

रविवारी रात्री पाहुणे घरी आहेत आणि नवी रिंग नाही, अशा वेळी जुन्या रिंगवर, आट्यांवर नव्हे, टेफ्लॉनचे दोन-तीन वेढे देऊन जॉइंट बंद करता येतो. भिंतीकडच्या पितळी जॉइंटला हे मी चालवून घेतो. युनिटच्या तोंडाशी नाही.

पाणी सोडून सगळं कोरडं दिसलं तरी वीज लगेच लावू नका. शॉवरमधून गार पाणी सलग वाहू द्या, हवेचे बुडबुडे संपू द्या. आत पाणी भरण्याआधी वीज मिळाली तर हीटर जळू शकतो.

सगळं नीट करूनही परत गळतं: पंप

आपल्याकडची ही खास भानगड. गच्चीवरच्या टाकीचं बूड शॉवरच्या तोंडापेक्षा तीन मीटर वर असेल तर मिळणारा दाब ०.३ बार, १ बारला साधारण दहा मीटर उंची लागते. बरेच इलेक्ट्रिक शॉवर कमीत कमी १ बार मागतात, नाहीतर आतला स्विच लागतच नाही. म्हणून घरमालक प्रेशर पंप बसवतो आणि टाकीच्या दाबावर कोरडा असलेला जॉइंट पंपाच्या पहिल्याच हिवाळ्यात ओला होतो.

ओळखायची खूण कानाने कळते. रात्री कुणी नळ उघडलेला नसताना पंप दोन सेकंद घुर्र करून बंद पडतो, थोड्या वेळाने परत. म्हणजे कुठेतरी थेंब थेंब जातंय आणि दाब उतरतोय. तो थेंब शॉवरचाच असेल असं नाही, फ्लशच्या टाकीतलाही असतो. एकेक कॉक बंद करून बघा, ज्या कॉकने घुर्र थांबतं त्या बाजूला दोष.

दुसरी खूण शॉवर बंद करताना. बटन दाबताच भिंतीत "ठक्" असा आवाज आला तर शॉवरची विजेवरची झडप पाणी एकदम तोडतेय आणि तो धक्का जॉइंटवर बसतोय. अंघोळीगणिक एक हिसका. पाइप मोकळा लोंबत असेल तर जॉइंटपासून वीतभर अंतरावर क्लिप मारून तो भिंतीला पक्का करा. पंपाचा दाब कमी करता येत असेल तर शॉवरला लागतो तेवढाच ठेवा. "तीन बारचा पंप आहे आपला" हे कौतुक पाहुण्यांसाठी ठीक, पाइपासाठी नाही. तेवढ्याने ठक् गेलं नाही तर हवेची पोकळी असलेला धक्काशोषक लाइनवर लावता येतो, पण माझ्या मते क्लिप आणि दाब एवढ्यावरच बहुतेक घरांचं काम भागतं.

आणि हा जॉइंट लाद्यांच्या आत गाडू देऊ नका. मिस्त्री म्हणतो, बाहेर दिसतं ते बरं दिसत नाही. दिसू द्या. गाडलेला जॉइंट गळला की शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे धरेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि मग पाव फेरीसाठी चार लाद्या फोडाव्या लागतात. लपवायचाच असेल तर स्क्रूने उघडणारं झाकण ठेवा.

दुरुस्तीनंतर आठवडाभर नटाखाली टिश्यूची पट्टी बांधून ठेवा. अंघोळीचं वरून उडालेलं पाणी लागू नये म्हणून वर प्लास्टिकचा तुकडा. त्या आठवड्यात एकदा, फक्त एकदा, मार्करच्या खुणेपासून अगदी थोडा, फार तर एक अष्टमांश फेरी, नट पुढे न्यायला हरकत नाही. नवी रिंग बसायला तेवढं कधी कधी मागते. त्यानंतरही पट्टी भिजली तर पाना बाजूला ठेवा आणि पाइप कटर काढा.